पुसायचे शब्द

सिनेमातलं गाणं तुम्ही ऐकता ना, ते आधी मी गायलेलं असतं. मग माझा आवाज पुसतात आणि तिथे मोठ्या गायिकेचा बसवतात. याला डमी म्हणतात. नातेवाइकांना हे समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आलेत. "म्हणजे तुझं गाणं कुठे लागतच नाही?" नाही लागत, बाई. पोट भरतं, बस्स.

डमी गाताना खरे शब्द ठरलेले नसतात. चालीत बसतील असे कसलेही शब्द घालून तेवढ्यापुरतं काम भागवायचं. ते काम आमच्या मास्तरांचं. ते गीतकार, पण पूर्वी शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर. स्टुडिओत काचेपलीकडून माइकमध्ये ते एकेक ओळ सांगायचे, ती माझ्या हेडफोनमध्ये यायची आणि मी गायचे.

आणि ओळी तरी काय! 'चप्पल तुझी तुटली होती, शिवून घेतलीस का गं?' 'खोकला अजून गेला नाही, कोमट पाणी पी गं.' बॉस, म्हणजे आमचे संगीतकार, खो खो हसायचे. मीही हसायचे. पण चप्पल माझीच तुटलेली असायची आणि खोकलाही माझाच. समोरासमोर मास्तर मला अहो-जाहो करत, मान वर करून बोलत नसत. गाण्यात मात्र थेट 'तू'. नंतर त्याच चालीवर ते खरं गाणं लिहायचे, त्यात चांदण्या, सागर आणि जन्मोजन्मीच्या शपथा. लोकांना तेच आवडायचं.

घरी मी दादा-वहिनीकडे राहते. वहिनी म्हणायची, "अगं, पायातली चप्पल कोण बघतं गं उगाच?" मी तिला म्हणायचे, गप बस. मास्तर विधुर, मी बिनलग्नाची, दोघांचे केस पिकायला लागलेले. अडवणारं कुणीच नव्हतं. अडत होतं ते फक्त तोंड उघडण्यापाशी.

एका दुपारी एक संथ चाल आली. हेडफोनमध्ये मास्तरांचा आवाज आला, जरा कापरा.

'दोनच खोल्या, एकच खिडकी, येशील का गं राहायला?
बोलायची सवय गेली, शिकवशील का बोलायला?'

बॉस हसले नाहीत. मी गायले, दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. काचेपलीकडे मास्तर खाली बघत होते. उद्या अंतरा गायचा होता. म्हटलं, उद्या गातागाताच 'हो' घालून टाकू, त्यांना कळेल. तेव्हाच माइकमध्ये ओरडून सांगितलं असतं तर माझं काय जात होतं? पण नाही, मला नखरे सुचले!

तेवढ्यात त्या सिनेमाचे हिरो-हिरॉइन आले, सोबत कॅमेरेवाले. त्या दोघांचं प्रेम तर जगजाहीर. प्रत्यक्षात दोघं सोफ्याच्या दोन टोकांना तोंड फिरवून बसले. कॅमेरा सुरू झाल्याबरोबर हिरोने तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मागे माझा डमी वाजत होता. हिरो एकदम ताठ झाला. "हेच शब्द ठेवा! मी हिला असं विचारलं होतं, असं सांगू." हिरॉइन म्हणाली, "मी? दोन खोल्यांत?" आणि फिसकन हसली.

झालं. दुसऱ्या दिवशी थेट मोठ्या गायिकेलाच बोलावलं, माझा अंतरा गायचा राहिलाच. माझा आवाज पुसला, शब्द राहिले. गाणं तुफान चाललं. प्रत्येक मुलाखतीत हिरो डोळे ओले करून सांगायचा, एका संध्याकाळी मी हिला विचारलं, येशील का गं राहायला. मास्तर काही बोलेनात. माझ्याकडे बघेनात.

वहिनीला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "सिनेमाच्या समारंभात त्यांना बोलावणार आहेत ना? तिथे सांगतील बघ." मलाही तीच आस. मनात म्हटलं, माझं नाव नका घेऊ, फक्त एवढं म्हणा, की हे शब्द माझे आहेत आणि मी एका बाईला हे विचारलंय. एवढं म्हणाले असते ना, तर तशीच स्टेजवरून उतरून त्या दोन खोल्यांत गेले असते मी.

समारंभात मी कोरसमध्ये मागच्या रांगेत होते. पुढे हिरो-हिरॉइन हातात हात घालून. निवेदिकेने विचारलं, "मास्तर, हे शब्द खरंच यांचे?" मास्तरांनी माइक घेतला. एकदा कोरसकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "प्रेम यांचं, शब्दही यांचेच. मी फक्त चालीत बसवले. माझ्यासारख्या एकट्या माणसाला असं कुठून सुचणार?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हिरोने त्यांना मिठी मारली. मग आम्हाला मागून तेच गाणं गायचं होतं. गायले मी, करणार काय!

गाणं संपताच त्यांना मी बाहेर गाठलं.

"बाई, तुमचं नाव निघालं असतं," ते पुटपुटले. "लोकांनी काय काय म्हटलं असतं."

"मग निघू द्यायचं होतं की मास्तर! माझं नाव कधी कुठे निघालंय?" मला रडू फुटलं. "हो म्हणणार होते मी."

त्यांनी मान वर केली. "मग अजूनही..."

"अजून काय? विचारा. आत्ता, इथे, आपल्या तोंडाने."

त्यांचे ओठ हलले. मी वाट बघितली, देवाशपथ, श्वास धरून बघितली. पण त्यांच्याकडे ती एकच ओळ होती, आणि तीच ओळ आत हिरो पुन्हा माइकवर म्हणत होता आणि लोक शिट्ट्या मारत होते. मास्तरांनी हात जोडले आणि जिना उतरून गेले.

पुढच्या आठवड्यात नवी चाल आली. मी हेडफोन लावला.

"ला ला ला म्हणा, बाई," मास्तर म्हणाले.

"हे काय? शब्द कुठेत?" बॉसनी विचारलं.

"कशाला? पुसायचेच तर असतात."

मी ला ला ला म्हटलं. कुठे चुकले नाही, आवाजही फाटला नाही. बॉस म्हणाले, "छान, एका दमात झालं," आणि पुढची चाल काढली.