दोरीवरची अक्षरं

तेलुगू मुलखातल्या निर्मल गावच्या कॉलेजात मी इंटरला, म्हणजे अकरावीला, कमर्शियल आर्ट घेतलं, तेव्हा आमच्या मराठी बोलणाऱ्या भैंसा गावात त्याचा अर्थ कोणालाच कळला नाही. शेजारच्या भागाबाईंनी सरळ विचारलं, "म्हंजे दुकानाच्या पाट्या रंगवनार का वं तू?" मी नाक मुरडून हो म्हणाले. साल शहाण्णव होतं, मी सोळा वर्षांची होते आणि मला पाट्यांचीच स्वप्नं पडायची.

दिवसासुद्धा पडायची. वर्गाच्या खिडकीतून बाजार दिसायचा. नरसय्या सर फळ्यावर रेघा मारत असत आणि मी पाट्यांवरची तेलुगू अक्षरं सुटी होताना बघत बसायची. ती गोलगोल अक्षरं हळूच खाली उतरायची, उन्हात बसायची, चहा प्यायची आणि सरांनी हाक मारली की घाईघाईनं पाटीवर परत चढायची.

पण कागदावर ती माझं ऐकेनात. सरांचा नियम एकच, खालची रेघ आधी आणि अक्षर तिच्यावर. माझा हात मात्र वरची रेघ आधी ओढायचा. अक्षरांची डोकी एका ओळीत यायची आणि पाय खालीवर लोंबायचे. "अक्षर बिठाओ अम्मा, टांगो मत," सर म्हणायचे आणि वर्ग हसायचा. लेटरिंगच्या चाचणीत मी दोनदा नापास झाले.

ही करणी बाबांची. माझे बाबा, चंपतराव, शाळेत कारकून होते. मला मराठी त्यांनीच पाटीवर शिकवलं होतं, वरची रेघ आधी ओढून. "पह्यले दोरी बांद, मंग कपडे वाळू घाल," म्हणायचे. आता मी सुटीत घरी आले तर तेच म्हणाले, "वार्षिकाले नापास झाली तं घरी ये माय, मास्तरकीचा फारम भरू." माझं डोकं फिरलं. "तुमीच वाकडं शिकवलं मले!" मी ओरडले. ते उठून अंगणात गेले.

वार्षिक प्रॅक्टिकलला विषय आला, हातमागाच्या कापडाची जाहिरात. वेळ तीन तास. त्यातला पहिला अर्धा तास मी खिडकीबाहेर बघण्यातच घालवला. बाजार दिसेना, आमचं अंगण दिसू लागलं. दोरीवर आईचं ओलं लुगडं होतं, वारा होता, लुगड्याचा काठ खालीवर होत होता. मी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ओढली आणि 'चेनेता', म्हणजे हातमाग, हा तेलुगू शब्द चिमट्यांनी तिच्यावर वाळत घातला. अक्षरांचे पाय हलू दिले. सर मागे येऊन उभे राहिले, तरी मी चिमटेच रंगवत राहिले. मग ते पुढे गेले.

निकालाच्या दिवशी बाबा मला न्यायला आले. माझं चित्र भिंतीवर पहिलं लावलं होतं. "टांगना था तो पहले दिन से ऐसा टांगते ना अम्मा," सर म्हणाले. मी पास होते.

बाबा चित्रासमोर कितीतरी वेळ उभे राहिले. एकेक अक्षर लावत त्यांनी तो शब्द वाचला. मग शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "आता याचं काय करू?"

मास्तरकीचा फॉर्म होता. तेलुगूत, बाबांनी स्वतःच्या हातानं पूर्ण भरलेला. प्रत्येक रकान्यात वर पेन्सिलीची बारीक रेघ होती आणि तिला माझं नाव, गाव, जन्मतारीख लटकलेली होती.

"तेलुगूतबी दोरी बांदता तुमी?"

ते ओशाळले. "नोकरीसाठी तिशीत शिकलो तेलुगू. दोरी नसली तं अक्षर खाली पडते का काय, असं वाटते मले."

अंगणात उठून गेलेले बाबा मला आठवले. माझ्याच्यानं तिथे रडवेना आणि हसवेनाही. मी तो फॉर्म त्यांच्या हातातून घेतला. "हा मले पाहिजे," म्हटलं, आणि माझ्या चित्रांच्या फायलीत सगळ्यात वर ठेवला.