डाव्या हाताला उभी राहा

"पुढच्यानं वाट सांभाळायची, मागच्यानं माणसं. पोरी, तू मागं राहा."

मेटा मावशीचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. वाळल्या शेंगेत दाणे खुळखुळावेत तसा. मेटा मावशी आमची कुणी लागत नव्हती. ती गावातल्या पायी फिरणाऱ्या मंडळाची म्होरकी, म्हणून साऱ्या गावाची मावशी. त्या दिवशी तिनं माझ्या थोरल्या बहिणीच्या, आल्मुटच्या हाती आपली काठी दिली आणि मला, वीबकेला, रांगेच्या शेपटाला उभं केलं. तेव्हा आम्ही दोघी कोवळ्या होतो. आता आमचे केस माळावरच्या मेंढ्यांसारखे करडे झालेत, पण रांग तीच आहे. पुढे आल्मुट, मागे मी, मध्ये मंडळी. मागच्यानं कुणाला ओलांडायचं नाही आणि कुणाला मागे टाकायचं नाही.

मंडळात कुणी मोटार आणत नाही. रविवारी बसनं एका गावाला उतरायचं, माळ आणि रान तुडवत दुसऱ्या गावाला निघायचं, तिथून बसनं घरी. म्हणून आमच्या वाटेला माघार नसते. पुढे बस असते, नाहीतर काहीच नसतं.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात आल्मुटनं मला घरी बोलावलं. कॉफी ओतताना तिनं कपाच्या काठावर आतून बोट धरलं होतं. बोट भिजलं तशी ती थांबली.

"फाट्यांवरच्या खांबांचे बाण मला वाचता येत नाहीत," ती म्हणाली. जणू मीठ संपलंय असं सांगत होती.

"डॉक्टरकडे गेलीस?"

"गेले. डोळ्यांचं मधलं गेलंय म्हणतात. कडा शाबूत आहेत. दगडधोंडे दिसतात, झाडं दिसतात. पडणार नाही मी."

"मग रविवारी दुसऱ्या कुणाला पुढे घे."

"हंगामातली शेवटची वाट आहे, वीबके. एवढी पार पडू दे. मंडळाच्या सभेत मी स्वतः सांगेन सगळ्यांना." तिनं मान जराशी वळवली. हल्ली ती अशीच तिरकी बघायची; गावात लोक म्हणत, म्हातारपणी आल्मुटला गर्व चढलाय. "एकदा सांगितलं ना, की मला हाताला धरून चालवतील. बसमध्ये चढताना दहा हात पुढे येतील. एक रविवार दे मला."

मी दिला. आमचं ठरलं ते असं: फाटा आला की आल्मुट थांबेल, मागची मंडळी येऊ देत म्हणून. तशी ती नेहमीच थांबे, कुणाला शंका आली नसती. मी पोचले की जिकडे जायचं, तिच्या त्या हाताला उभं राहायचं. डावीकडे तर डाव्या हाताला. सरळ असेल तर मध्यावर. माझी आकृती तिला कडेनं दिसेल.

रविवारी, दर हिवाळ्याआधी करतात तशी, साऱ्या देशानं घड्याळं तासभर मागे घेतली होती. हिवाळ्याचा वेळ लागला होता. म्हणजे अंधार तासभर आधी येणार, आणि आम्ही पोचणार त्या डीरकलो गावाहून सुटणारी शेवटची बस मात्र घड्याळाप्रमाणेच सुटणार. माळभर पसरलेल्या हीदरच्या झुडपांची जांभळी फुलं कधीच जळून गेली होती. माळ चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी पडला होता, त्यावर जुनिपरची काळी-हिरवी झुडपं माणसांसारखी उभी, आणि भूर्जांची पानं एकेक करून सुटत होती.

"आल्मुट, तुझ्यामागं चाललं की मला डोकं लागतच नाही बघ," ओल्सेन म्हणाला. तो निवृत्त पोस्टमन. चालताना तोंड बंद ठेवणं त्याला जमत नसे.

"कधी लागलं होतं?" गेझीन म्हणाली. आमच्यातली सर्वांत वडील, गुडघ्याला पट्टा बांधून आलेली. "आमची पत्रं शेजारी टाकायचास."

"शेजारीण तुझ्यापेक्षा छान होती, गेझीन. निमित्त लागतं."

मंडळी हसली. आल्मुटही हसली. मी हसले नाही, कारण पहिला फाटा दिसत होता. आल्मुट थांबली, काठीवर हनुवटी ठेवून. मी सगळ्यांच्या मागून पोचले आणि उजव्या हाताला जाऊन नाडी बांधायला वाकले. तिनं मान तिरकी केली, मला शोधलं, आणि उजवीकडे निघाली.

तेव्हा एक गोष्ट मला पहिल्यांदाच कळली. इतकी वर्षं आम्ही या माळावर चालतोय, पण आमच्यातल्या एकानंही खांबाकडे बघितलेलं नाही. आल्मुट पुढे असली की आम्ही गप्पांत चालतो. आजही खांबावरचा पिवळा बाण सगळ्यांच्या नाकासमोर होता आणि डोर्टे तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत त्याच्या बाजूनं गेली.

दुसरा फाटाही पार पडला. मग रान लागलं आणि गेझीनचा गुडघा बिघडला.

"पुढे जा तू," ती मला म्हणाली.

"मागची कशी पुढे जाईल?"

"मग हळू चाल आणि माझ्याकडे असं बघू नकोस. मी काही मरत नाहीये."

आम्ही हळू चाललो. पाईनच्या खोडांतून पुढचे आवाज आधी लांब गेले, मग विरले. उन्हानं सगळी खोडं एका बाजूनं तांबडी केली होती. पुढून एकदाच ओल्सेनचा आवाज आला, "अगं, बस जाईल! किती थांबायचं?" त्यानंतर काही नाही.

तिसऱ्या फाट्यावर कुणीच नव्हतं.

खांबावरचा बाण डावीकडे होता. आणि वाळूत बुटांचे ठसे, ताजे, सगळे उजवीकडे.

उजवीकडे जुनी दलदल. तिथली फळ्यांची वाट वसंतातच बंद केली होती. फळ्या कुजल्या होत्या, खाली काळं पाणी. आम्ही लहान असताना तिथं एक गाय रुतली होती. तिला काढायला दोर घेऊन माणसं येईतो शिंगंसुद्धा उरली नव्हती.

"आल्मुट!" मी ओरडले. रानानं आवाज गिळला.

गेझीन खांबाकडे बघत होती, मग ठशांकडे. "जा," ती म्हणाली.

"तुला इथं टाकून?"

"खांब आहे ना सोबतीला. नवऱ्यापेक्षा बरा, उभा तरी राहतो. जा, वीबके, पळ."

मी पळाले. आयुष्यात पहिल्यांदा मी रांगेतल्या माणसांना ओलांडणार होते. छातीत भाता चालू झाला. पाईन संपले, भूर्ज लागले, जमीन पायाखाली मऊ झाली. वाट बंद असल्याची लाल-पांढरी आडवी फळी होती आणि तिच्या बगलेतून गवत तुडवलेलं.

मंडळी दलदलीच्या काठावर दाटीनं उभी होती. आल्मुट एकटी पुढे, फळ्यांवर. काठी टेकत, सरळ ताठ, जशी ती नेहमी चालते. मावळतं ऊन थेट तिच्या तोंडावर होतं. आणि तिच्यापुढे दोन पावलांवर फळ्या नव्हत्या. खाच होती, काठांवर शेवाळ, मध्ये काळं पाणी. सगळ्यांना दिसेल अशी. पण सगळे तिच्या पाठीकडे बघत होते.

"आल्मुट, थांब! पाय उचलू नकोस!"

तिचा उचललेला पाय तसाच राहिला. मग हळूच मागे आला. पायाखालची फळी कण्हली आणि तिच्या बाजूनं पाण्याचे बुडबुडे वर आले.

"काय झालं काय?" ओल्सेन म्हणाला. "वाट चुकलीय का? आडवी फळी लागली तेव्हा मला वाटलंच, पण आल्मुट बाजूनं गेली म्हणून..."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. माझ्या जिभेवर खोटं तयार होतं, शिवून इस्त्री केलेलं. "गेझीनचा गुडघा गेलाय," मी म्हणाले. "ती फाट्यावर बसलीय. परत फिरायला हवं. आल्मुट, तूच बघ तिला."

आल्मुटला फक्त हो म्हणायचं होतं. परतायचं, गेझीनला उचलायचं, डावी वाट धरायची. कुणाला कळलं नसतं.

ती फळीवर वळली. पाय घासत घासत, काठी आधी टेकवून, काठाला आली. खालचं पाणी पुन्हा बुडबुडलं. माती पायाखाली आल्यावरच ती बोलली.

"नाही. गुडघ्याचं नाही हे." तिचा आवाज कोरडा होता. "मला बाण दिसत नाहीत. सकाळपासून वीबके मला वाट दाखवत होती, ती मागे राहिली आणि मी अंदाजानं आले. ती आडवी फळी मला पडलेलं झाड वाटली. मघाशी पुढे फळी होती की नव्हती, तेसुद्धा मला ठाऊक नाही. मी तुम्हा सगळ्यांना यात घेऊन गेले असते."

डोर्टेनं तोंडावर हात धरला. मला वाटलं, आता ते दहा हात पुढे येणार. पण ओल्सेननं नुसतं नाक ओढलं.

"बाण वाचायचेत ना?" तो म्हणाला. "आयुष्यभर लोकांचे गिचमिड पत्ते वाचलेत मी. चला, माझ्यामागं. आणि गप्पा बंद. तू सुद्धा, डोर्टे."

"आधी तू गप्प बस," डोर्टे म्हणाली, पण निघाली.

ते जवळजवळ पळतच गेले. आल्मुट माझ्याबरोबर मागे राहिली, रांगेच्या शेपटाला, जिथं ती कधी चालली नव्हती. फाट्यावर गेझीननं आम्हाला बघून "उशीर केलात" एवढंच म्हटलं. तिला मध्ये घेऊन, दोन्ही बाजूंनी खांद्याचा आधार देत आम्ही डावी वाट धरली. रान काळवंडलं. लांबून घंटेचा आवाज आला, मेंढ्यांचा कळप घरी चालला असावा. मग बसचं इंजिन. ते थांबलं, आणि आम्ही पोचण्याआधी पुन्हा सुरू झालं तर काय, या विचारानं मी श्वासही सांभाळून घेत होते.

डीरकलोच्या थांब्यावर बस उभी होती. ओल्सेन एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर ठेवून दारात अडकला होता आणि चालक त्याच्यावर ओरडत होता.

"आजोबा, आत तरी या नाहीतर बाहेर तरी जा!"

"विचार करतोय मी! म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतो!"

आम्ही गेझीनला चढवलं. आल्मुट स्वतः चढली. कुणी हात पुढे केला नाही. सगळे मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते, जिथं आता काही दिसत नव्हतं. आम्ही दोघी शेजारी बसलो. बस निघाली. आतल्या दिव्यात आल्मुटनं माझ्याकडे मान वळवली, तिरकी, मग सरळ, मग पुन्हा तिरकी.

"सभेत काय सांगायचं ते झालं," मी म्हणाले. "आता काही उरलं नाही."

"उरलंय." तिनं हातमोजा काढला आणि थंडगार बोटं माझ्या गालावर टेकली, कपाळ, भुवया, नाक, सावकाश. "बाणांचं सांगितलं तुला. हे नव्हतं सांगितलं. ईस्टरपासून मी तुझं तोंड पाहिलेलं नाही, वीबके."