चव गेलीय म्हणे!

फिनेतानं खोक्यातली थंडगार ओर्चाता तिसऱ्यांदा थुंकली ती नेमकी डॉक्टर गिस्बेर्तांच्या बुटावर पडली, आणि वृद्धाश्रमाच्या जेवणघरात सगळ्यांचे चमचे थांबले.

"मुद्दाम नाही हं," फिनेता म्हणाली. "तुमचाच पाय मध्ये आला."

डॉक्टरांनी बूट पुसला आणि वही उघडली. गेल्या पंधरा दिवसांत त्या वहीत फिनेताच्या नावापुढं बरंच काही साठलं होतं. पेय नाकारते. आरडाओरडा करते. आणि आता त्यांनी तिच्यादेखत लिहिलं: चव ओळखत नाही. असं पुरेसं लिहून झालं की माणसाला तिसऱ्या मजल्यावर हलवायचे. त्या मजल्याच्या दाराला आकड्यांचं कुलूप होतं, खिडक्या उघडत नसत आणि वर गेलेलं माणूस खाली बागेत पुन्हा कधी दिसत नसे.

चव ओळखत नाही! फिनेताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आल्बोराइया गावात त्रेचाळीस वर्षं तिनं ओर्चाता विकली होती. पहाटे चारला उठून, रात्रभर भिजलेली चुफा, वाटाण्याएवढे गोडसर कंद, सात पाण्यांनी धुवायची, तरंगलेला प्रत्येक कुजका कंद हातानं वेचून फेकायचा, मग वाटायची, पिळायची. जे पांढरं दूध निघेल त्यात बेताची साखर, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी संपवायची. दुपारी पश्चिमेचा तापलेला वारा सुटला की अख्खं गाव तिच्या दारात उभं असे. आणि आता परगावचा कोण हा काल आलेला डॉक्टर, खोक्यातलं खळीचं पाणी पुढं करतो आणि वर म्हणतो, बाईची जीभ गेली!

"मावशी, ऐका माझं," तिला आंघोळ घालणारी येसेनिया संध्याकाळी कुजबुजली. "नाक दाबून एक घोट घ्या आणि म्हणा छान आहे. तुमचं काय जातंय?"

"माझं काय जातंय? अगं, माझं तेवढंच उरलंय."

"वर नेतील हो तुम्हाला."

"नेऊ देत. पण खोटं बोलून खाली राहायचं, तर मग वर गेलेलं काय वाईट?"

हे ती बोलली खरी. पण त्या रात्री तिला झोप आली नाही. खाली बागेत लिंबाचं झाड होतं, बाक होता, पलीकडे चुफाची शेतं दिसत. ते सगळं सुटणार होतं.

तोडगा डॉक्टरांनीच काढला. माणूस वाईट नव्हता, नुसता आडमुठा होता. ते म्हणाले, "आजी, तुमच्या मुलाला सांगितलंय. उद्या तो तुमच्याच दुकानातली ओर्चाता आणेल. ती ओळखलीत तर मी सगळं खोडतो. नाही ओळखलीत तर मात्र..."

"आजी कुणाला म्हणता? आणि आणू दे की! माझ्या हातची वस्तू मी ओळखणार नाही?"

खरं तर लेकानं, वोरोनं, तिला इथं ओर्चाता कधीच आणली नव्हती. चार वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून दुकान तोच बघत होता. दर रविवारी तो गोड पाव आणी. ओर्चाता मागितली की म्हणे, "उन्हात नासते गं, आई." तिला ते पटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला फिनेतानं येसेनियाकडून केस विंचरून घेतले, कानात मोत्यांच्या कुड्या घातल्या आणि खुर्चीत ताठ बसली. वोरो बर्फाच्या डब्यातून बाटली घेऊन आला. बाटलीवर तिचंच नाव छापलेलं होतं. त्यानं पेला भरला. भरताना थोडी टेबलावर सांडली. तिला वाटलं, लेकराला माझी काळजी वाटतेय.

तिनं घोट घेतला आणि तो तोंडात धरून ठेवला. मग रुमाल तोंडाशी नेला.

"ही माझ्या दुकानची नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव बघितलं, तिच्याकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि पेनाचं टोपण काढलं.

"वोरो, सांग यांना!" फिनेता म्हणाली. "घाईघाईत दुसऱ्या कुणाची बाटली उचललीस का? सांग ना!"

वोरो जमिनीकडे बघत म्हणाला, "आईला हल्ली... चवीचं तितकंसं कळत नाही, डॉक्टर."

फिनेताला क्षणभर ऐकू आलेलं खरंच वाटेना. मग तिला सगळं एकदम कळलं, आणि ती संतापली. तिनं त्याचा हात धरून ओढला आणि तळवा उजेडात उलटा केला.

"बघा, डॉक्टर. जुलै चाललाय, ऐन ओर्चाताचा हंगाम. माझ्या नवऱ्याचे, माझ्या बापाचे, माझे हात जुलैत असे कधी नव्हते. चुफाच्या पाण्यानं बोटं फुटतात, नखांत तपकिरी माती बसते, ती नाताळापर्यंत जात नाही. आणि याचे हात बघा, नवऱ्या मुलीचे हात! वोरो, चुफा कोण धुतं?"

"आई, लोक बघतायत."

"बघू देत! त्रेचाळीस वर्षं लोक बघतच होते. आई वेडी ठरली तर चालेल, पण तुझी बाटली खोटी ठरायला नको, होय रे? कोण धुतं?"

येसेनिया भिंतीला टेकून उभी होती. तिनं तोंडावर हात ठेवला. वोरोच्या कपाळावर घाम आला होता. त्याला हात सोडवून घेता आला असता, पण त्यानं तो सोडवला नाही.

"कुणीच नाही," तो शेवटी म्हणाला. "परदेशातून भुकटी येते. पाण्यात कालवायची नि साखर घालायची. तीन वर्षं झाली. पहाटे चारला उठायला माणूस मिळत नाही, आई, आणि मला एकट्याला जमेना."

डॉक्टरांनी वहीतल्या तिच्या सगळ्या ओळींवर रेघ मारली. "माफ करा, फिनेताबाई," ते म्हणाले. त्यांनी नावानं हाक मारली ती पहिल्यांदाच.

पण फिनेताचं तिकडं लक्ष नव्हतं. ती जिंकली होती आणि तिला रडू येत होतं. भरलेला पेला तिनं लेकाच्या हातात दिला.

"पी. माझ्यासमोर. सगळा पी."

वोरोनं पेला तोंडाला लावला आणि गटागटा संपवला. ती त्याचा चेहरा न्याहाळत होती. चोरी पकडली गेलेल्या माणसाच्या तोंडावर येते ती कडवट रेघ आता उमटेल, मग आपण त्याला रागावू, मग केव्हातरी माफही करू, अशी तिची समजूत होती. रेघ काही उमटली नाही. त्यानं ओठ पुसले आणि तिच्याकडे अगदी भाबडेपणानं बघितलं.

"खरं सांगू, आई? छान लागते गं."

तो खोटं बोलत नव्हता. चार पिढ्यांचं घराणं होतं ते, आणि याला खरंच काही कळत नव्हतं.

फिनेतानं त्याचा हात सोडला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "वही मिटू नका. आता याला तपासा."