तेजोनाथांचं पक्कं व्होल्टेज

बाबांच्या हातातली ट्यूब पूर्ण पेटत नव्हती. खालच्या टोकापासून मुठीपर्यंत पांढरा उजेड आणि मुठीच्या वर नुसती काळोखी काच. मूठ वर सरकली की उजेड तिच्यामागून चढे, खाली आली की उतरे. ट्यूबला ना वायर, ना पट्टी, ना स्टार्टर.

"कुंडलिनी चढ़ रही है!" तेजोनाथ बाबा माइकवरून गरजले. झाशीच्या लक्ष्मी तालाजवळचा तो मंडप आनंदानं गहिवरला. कुणी रडलं, कुणी लोटांगण घातलं, बाकीच्यांनी मोबाइल उंच धरले. "और पुरानी काँच की ही ट्यूब लाना, भक्तो! एलईडी में श्रद्धा नहीं टिकती."

श्रद्धेलाही ट्यूबचा ठरावीक प्रकार लागतो, हे रेवतीला नवीन होतं. ती पॉलिटेक्निकमध्ये रेडिओलहरींचे अँप्लिफायर शिकवायची. ती बाबांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, मुठीकडे बघत होती.

शेजारी तिच्या सासूबाई, सिंधूताई, हात जोडून बसल्या होत्या. त्यांचं हृदय मध्येच ठोका गाळायचं. दोनदा त्या स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या होत्या. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी पेसमेकर बसवा, उशीर करू नका, असं स्पष्ट सांगितलं होतं. सिंधूताईंचं उत्तर एकच असे, "बघू." मग बाबा भेटले. "माई, देह में मशीन मत बिठाओ. हमारा तेज लो," ते म्हणाले, आणि 'बघू'चं 'नको' होऊ लागलं.

तेज घ्यायची रीत अशी होती: भक्तानं मंचावर चढून ट्यूब धरायची, बाबांनी तिच्यावर फुंकर मारायची. लखलखली तर श्रद्धा पूर्ण, मंदावली तर शंका बाकी. सिंधूताईंची ट्यूब दर वेळी मंदावायची आणि बाबा खेदानं मान हलवायचे, "माई, अभी कुछ बैठकें और." दवाखाना पुढे, आणखी पुढे ढकलला जायचा.

रेवतीचा नवरा मकरंद या मंडपाचा मानकरी होता. सरकारी कारखान्यात ट्रान्सफॉर्मरवर काम करणारा पदवीधर इंजिनीअर. झाशीतल्या मराठी मंडळींची सेवेची एक पद्धत होती, ज्याला जे येतं त्यानं ते करावं. कुणी पुरणपोळ्या लाटायचं, कुणी भजन म्हणायचं. मकरंदला बाबांचा पट्टशिष्य देवेंद्र म्हणाला होता, "भैयाजी, साउंड के लिए पक्का वोल्टेज चाहिए. और एक घुंडी, कम-ज़्यादा करने को." मकरंदनं जीव ओतून असा सप्लाय बनवला की घुंडी ठेवाल तिथे व्होल्टेज तसूभर हलणार नाही.

रेवती त्याच्या कानाशी वाकली. "अहो, तुमच्या सप्लायवर काय चालतं?"

"साउंड. सांगितलं होतं ना?"

"साउंडची वायर त्या खांबावरून गेली आहे. तुमची मंचाखाली शिरते."

मकरंदनं वायर बघितली. "मग... आशीर्वादासाठी असेल काहीतरी."

"आशीर्वादाला किती व्होल्ट लागतात?"

तेवढ्यात सिंधूताईंचं नाव पुकारलं गेलं. उठताना त्यांचा तोल गेला. रेवतीनं त्यांना सावरून खुर्चीत बसवलं आणि त्यांच्याऐवजी स्वतःच मंचावर चढली. कडेच्या ढिगातली एक ट्यूब तिनं उचलली. बाबांनी फुंकर मारायच्या आतच ती झगमगली.

"मैं तो नास्तिक हूँ, बाबाजी," रेवती शांतपणे म्हणाली. "मुझे क्यों दे दिया तेज?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. "भाभीजी, नीचे रखिए उसे!" देवेंद्र ओरडला आणि पडद्याआड गेला. क्षणात रेवतीची ट्यूब मंदावली.

"देखो! शंका पकड़ी गई!" बाबांनी बोट दाखवलं.

पण बाबांच्या दुसऱ्या हातातली ट्यूबही तितकीच मंदावली होती.

"आपकी भी श्रद्धा घट गई क्या?"

आता पुढच्या दोन रांगा हसल्या. रेवतीनं नवऱ्याकडे वळून मराठीत सांगितलं, "तुमचा सप्लाय बंद करा."

मकरंद उभा राहिला, पण पाऊल उचलेना. खटका पाडला की सगळ्या कॉलनीसमोर आपली अक्कल उघडी पडणार, हे त्याला कळलं होतं. आईच्या घामेजलेल्या कपाळाकडे त्यानं पाहिलं आणि तो पडद्याआड गेला. खट्. दोन्ही ट्यूब विझल्या. पंखे फिरत राहिले, माइकही चालू राहिला. त्यामुळे बाबांची पुढची दिव्यवाणी साऱ्या मंडपानं स्पष्ट ऐकली, "अबे देवेंदर, चालू कर!"

मकरंदनंच मंचाची मखमल उचलली. खाली प्लास्टिकच्या फायलींच्या, रेनकोटांच्या कडा तापवून चिकटवायचं जुनं यंत्र होतं.

"यात रेडिओलहरींचा अँप्लिफायर आहे," रेवतीनं लोकांना मराठीत आणि मग हिंदीत समजावलं. "लहरींनी ट्यूबमधला वायू पेटतो, एलईडीत तो नसतो. आपण जिथे पकडतो तिथून वीज शरीरातून जमिनीत जाते, म्हणून मुठीच्या वर अंधार. व्होल्टेज थोडं घसरलं तर लहरींचा जोर त्याहून जास्त घसरतो. पूर्वी गल्लीतले कूलर लागले की ट्यूब फडफडायची आणि बाबा तुम्हाला पापी ठरवायचे. मग माझ्या नवऱ्यानं अचूक सप्लाय दिला. तेव्हापासून कोण पापी ते देवेंद्र भैया घुंडीवर ठरवतात. चमत्कार दिसला तर नमस्कार नंतर करा. आधी खाली वाकून बघा. वाकून बघू देत नसतील, तर तिथून उठा."

बाबा मागच्या कनातीतून निसटले होते. देवेंद्रला लोकांनी धरून ठेवलं होतं.

"आई, चुकलो मी," मकरंद म्हणाला.

"चुकलासच. इंजिनीअर म्हणे!" सिंधूताई करवादल्या. मग रेवतीकडे वळल्या. "पण तो पेसमेकर म्हणजेही मशीनच ना गं?"

"मशीनच आहे, आई. पण त्याच्यावर मखमल नसते. डॉक्टर तो हातात देऊन दाखवतील. आत काय आहे, किती वर्षं चालतो, बिघडला तर काय करायचं, सगळं विचारा. तुमची शंका त्यांना पाप वाटणार नाही."

सिंधूताईंनी छातीवर तळवा ठेवला. भीती गेली नव्हती, डोळ्यांत दिसत होती. मग त्यांनी हात खाली घेतला.

"मकरंद, ग्वाल्हेरला फोन लाव," त्या म्हणाल्या. "मी पेसमेकर बसवून घेते."