उकळून आटवलेलं पाणी

धोंडाबाईंच्या अकरा म्हशींचं शेणमूत सिमेंटच्या हौदात साठवायचं, म्हणजे ते झिरपून विहिरीत उतरणार नाही, अशी सरकारी योजना होती. तीन वर्षांपूर्वी हौद झाला, फोटोही निघाला. पुढं भाडेकरूंच्या नव्या खोल्यांसाठी आणलेली वाळू ठेवायला माणसारख्या दाटीवाटीच्या गावात जागा कुठली? ती हौदात गेली, आणि शेण पुन्हा विहिरीच्या काठाला. शहाणपण म्हणजे किती असावं!

योजनेचा उपयोग झाला का, हे तपासायला आज गौतमी नावाची मुलगी आली होती. तिनं विहिरीच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवली. पट्टी गडद गुलाबी झाली.

"यात नायट्रेट फार आहे, आजी. तान्ह्या बाळाला तर थेंबही देऊ नका. अंग निळं पडतं."

धोंडाबाईंचा दोन महिन्यांचा नातू जाऊन वीस दिवस झाले होते. सुनेला, रेश्माला, दूध नव्हतं. डब्यातली पावडर पाण्यात कालवून पाजायचे. जाताना त्याचे ओठ जांभळे झाले होते.

"आमी उकळून द्यायचो की," त्या म्हणाल्या. "लई उकळायचे मी. निम्मं राहीस्तोवर."

बाळाचं पाणी आटवूनच द्यायचं, हे त्यांना त्यांच्या सासूनं शिकवलं होतं.

"उकळून ते जात नाही. आटवलं की उलट वाढतं," फॉर्म भरता भरता गौतमी म्हणाली. तिला बिचारीला काय ठाऊक! "पाण्यामुळे घरात कुणी आजारी पडलं? कावीळ, जुलाब, इतर?"

"न्हाई," दारातून रेश्मा म्हणाली. तिनं सगळं ऐकलं होतं. "कुनी न्हाई. आत्या, आत चला."

सून आपल्याला पाठीशी घालतेय हे धोंडाबाईंना कळलं, आणि त्यांचा जीव आणखीच तुटला. आत गेल्या असत्या तर विषय तिथंच मिटला असता. पण कागदावर कुणालाच काही झालं नाही असं लागलं असतं, आणि पलीकडच्या खोलीतली भाडेकरीण सातव्या महिन्यात होती. तीही हेच पाणी भरायची.

"न्हाई कसं? लिही पोरी. इतरमधी लिही," त्या म्हणाल्या. "नातू हुता माझा. पानी मीच आटवलं."

गौतमीचा हात थांबला. मग तिनं 'इतर'पुढं एकचा आकडा लिहिला.

रेश्मा उंबऱ्यात बसली आणि वीस दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. धोंडाबाई तिच्याजवळ जायला धजल्या नाहीत.