पाच सेंटिमीटरची रेषा

"इयत्ता चौथीच्या पटावरील तेवीसही विद्यार्थ्यांना बिंदू व रेषा या मूलभूत संकल्पनांची ओळख नाही. पाच सेंटिमीटर लांबीची रेषा काढण्यास सांगितले असता एकाही विद्यार्थ्याने पेन्सिल उचलली नाही. सदर वर्ग गणितात अप्रगत असल्याचे दिसून येते."

विस्तार अधिकारी तोताराम देवरे यांच्या तपासणी अहवालातली ही तीन वाक्ये चौथीला गणित शिकवणाऱ्या शिल्पा तायडेने शाळेच्या व्हरांड्यात उभ्याने वाचली, आणि एखादी जुनी पोथी संपादनाला घ्यावी तशी पेन्सिल काढून समासात टिपणे करू लागली. पटावर तेवीस मुले होती, हे खरे. तपासणीच्या दिवशी वर्गात एकवीस होती. उरलेली दोन भावंडे मामाच्या मुलीच्या बारशाला धुळ्याला गेली होती. त्या दोघांनी पेन्सिल उचलली नाही, हे विधान निर्विवाद होते. त्या वेळी त्यांच्या हातात बहुधा घुगऱ्या होत्या. साहेब वर्गात एकंदर चौदा मिनिटे होते. त्यांतली पाच फोनवर आणि तीन चहावर गेली. म्हणजे तेवीस मुलांचे अज्ञान त्यांनी सहा मिनिटांत मोजले, दरडोई सोळा सेकंदांहूनही कमी. शिल्पाला एवढ्या वेळात एका मुलाचे वाहते नाकही पुसून होत नसे.

पण हे सगळे किरकोळ होते. "पाच सेंटिमीटर लांबीची रेषा" या शब्दांपाशी तिची पेन्सिल थांबली. समासात तिने बारीक अक्षरात लिहिले, "कुठे मिळते?"

रेषा दोन्ही बाजूंना न थांबता जाते. तिला टोक नाही, म्हणून लांबीही नाही. जिला दोन टोके असतात आणि जी पट्टीने मोजता येते, ती रेषा नव्हे, रेषाखंड. एवढे ज्ञान जगात दोन हजार वर्षांहून अधिक काळ विनामूल्य उपलब्ध होते, आणि जूनपासून ते हिंगणतळ्याच्या या शाळेतल्या चौथीतही उपलब्ध होते. विस्तार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्याची अद्याप आवक झाली नव्हती, इतकेच.

अहवालाखाली आदेश होता. तीन दिवसांत खुलासा द्यावा. शनिवारी फेरतपासणी होईल. निष्कर्ष बदलला नाही, तर चौथीचे गणित शिल्पाकडून काढून मुख्याध्यापकांकडे सोपवण्यात येईल.

मुख्याध्यापक जीवराम सरांना निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि हा आदेश त्यांना तिच्यापेक्षाही जास्त झोंबला होता.

"ओ मॅडम, माझ्या गळ्यात ते गणित पडू देऊ नका बरं का," ते खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाले. "मी मराठीचा माणूस. कोन दिसला की मला घाम फुटतो."

"मग काय करू म्हणता, सर?"

"सोपं आहे. खुलाशात लिहा, चूक झाली, पुन्हा होणार नाही. आणि पोरांना सांगून ठेवा, साहेब म्हणाले की पट्टी ठेवायची, शून्यापासून पाचपर्यंत ओढायचं. साहेब खूश, तुम्ही खूश, मी सगळ्यांत खूश."

"आणि मुलांनी विचारलं की जूनमध्ये मॅडमनी सांगितलं ते खोटं होतं का?"

जीवराम सरांनी खिडकीबाहेर पाहिले. "चौथीतली पोरं इतकं विचारतात?"

"हीच तर तक्रार आहे साहेबांची."

जूनमध्ये काय घडले होते ते अहवालात नव्हते. शिल्पा भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढलेली; कापसाचे शेत तिने गाडीच्या खिडकीतूनच पाहिलेले. बिंदू कसा शिकवावा या विवंचनेत ती होती, कारण फळ्यावर खडूचा ठिपका दिला की मुले त्यालाच बिंदू समजतात आणि मग जन्मभर बिंदूला गोल आणि पांढरा मानतात. त्यावर उपाय शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आक्काबाईंच्या वावरात सापडला. या भागात सरकी लावायच्या आधी औत शेतात उभे फिरवतात, मग आडवे. मातीवर काकऱ्यांची, म्हणजे औताने ओढलेल्या बारीक चरांची, जाळी उमटते. जिथे उभी आणि आडवी काकरी एकमेकींना छेदतात, नेमके तिथे बोटाने भोक पाडून सरकी टोचायची. शिल्पा वर्ग घेऊन बांधावर पोचली तेव्हा सगळी शाळाच आपल्या शेतात आलेली पाहून आक्काबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बठ्ठी शाळा मन्हा वावरमा उनी. आते खिचडी कोन खाई?"

खिचडी त्या दिवशी बांधावर आली. आणि समाधान नावाचा मुलगा, जो वर्गात सहसा स्वतःच्या नावाला शोभेल इतका शांत बसे, काकऱ्यांच्या एका फुलीवर बोट टेकवून म्हणाला, "मॅडम, आठे जागा शे. पन जागानी जाडी नही."

इथे जागा आहे, पण जागेला जाडी नाही. बिंदूची इतकी नेटकी व्याख्या शिल्पाने वाचलेल्या पुस्तकांतही फार ठिकाणी नव्हती. तिने ती त्याच्या नावानिशी वहीत उतरून घेतली.

मग एका काकरीवर सगळे एकामागे एक उभे राहिले.

"ही कुठे थांबते?" शिल्पाने विचारले.

"बांधावर."

"बांध नसता तर?"

"पारोळा."

"आणि पुढे?"

"धुळं. मग नवापूर. मग सुरत," किराणा दुकानाच्या घेवरचंद शेठची नात प्रियल म्हणाली. तिचे मामा सुरतेला कापडाच्या धंद्यात होते, त्यामुळे पश्चिम दिशा तिच्या मालकीची होती. "मॅडम, मामांच्या दुकानातून जाईल ती?"

"जाईल. पण थांबणार नाही."

"चहालासुद्धा?"

"चहालासुद्धा नाही. आणि मागे वळून पाहिलंत तर जळगाव, भुसावळ, नागपूर. तिकडेही थांबणार नाही."

तेव्हापासून चौथीच्या लेखी रेषा ही सुरत-नागपूर मार्गाने जाणारी आणि दोन्हीकडे न थांबणारी वस्तू होती. अशा मुलांना ऑगस्टमधल्या एका दुपारी देवरे साहेबांनी पाच सेंटिमीटरची रेषा मागितली. प्रियल उभी राहून नम्रपणे म्हणाली, "साहेब, रेषेला लांबी नसते." साहेब हसले, आणि बिंदू म्हणजे काय, असे समाधानला विचारते झाले.

"जठे दोन काकऱ्या मियतस, तठे सरकी टोचतस. तो बिंदू."

"हा शेतीचा तास नाही," साहेब म्हणाले, आणि खडूचे बोथट टोक फळ्यावर गरगरा फिरवून त्यांनी बोराएवढा ठिपका काढला. "हा बिंदू. समजलं?"

मागच्या बाकावरच्या हिनाने बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहिले. "साहेब, ती बिंदूची खूण आहे. बिंदू आत कुठेतरी आहे."

अहवाल त्यानंतर लिहिला गेला.

खुलाशाचा पहिला मसुदा शिल्पाने चार पानांचा केला. त्यात व्याख्या, दाखले, परिशिष्ट आणि एका तळटीपेत साहेबांच्या खडूविषयी दोन ओळी होत्या. तो वाचून तिचे तिलाच फार बरे वाटले, आणि म्हणूनच तो पाठवण्याजोगा नाही हे कळले. तिने तो घडी करून कपाटात ठेवला आणि नव्या कागदावर एकच वाक्य लिहिले: "फेरतपासणीच्या वेळी पाच सेंटिमीटर लांबीची एक रेषा आपण स्वतः काढून दाखवावी, म्हणजे विद्यार्थी त्यावरून शिकतील, ही विनंती." जीवराम सरांनी त्यावर सही केली. आयुष्यात आलेल्या कोणत्याही कागदाप्रमाणे हाही त्यांनी वाचला नाही.

संध्याकाळी तिने वडिलांना फोन लावला. मोतीलाल तायडे तेहतीस वर्षे रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते, आणि साहेब या प्राण्याचा त्यांचा अभ्यास कोणत्याही ग्रंथापेक्षा सखोल होता.

"उभ्या माणसाला रूळ सरळच दिसतो, बेटा," सगळे ऐकून ते म्हणाले. "आमचे साहेब उभ्यानं म्हणायचे, लाईन बरोबर आहे. आम्ही गुडघे टेकून, रुळाला गाल लावून एका डोळ्यानं बघायचो. मग दिसायचं कुठे पोट सुटलंय ते. भांडू नको. त्याला वाकव."

"साहेबाला वाकवू? कसं, आबा?"

"ते तू बघ. तू शिकलेली."

शनिवारी सकाळी ते बघण्याची गरज फारशी उरली नाही. पुढच्या आठवड्यात केंद्राच्या कबड्डी स्पर्धा याच शाळेत होत्या आणि मैदान आखायचे राहिले होते. शिल्पाने चौथीचा गणिताचा तास मैदानावर ठेवला. साहेबांची मोटारसायकल फाटकात शिरली, तेव्हा जीवराम सर चुन्याच्या फक्कीची बादली धरून कुठून सुरुवात करावी या चिंतेत उभे होते.

"द्या इकडे," साहेब म्हणाले. त्यांच्या हातात शिल्पाचा खुलासा होता. तो त्यांनी खिशात कोंबला. "पंधरा वर्षं मैदानं आखतोय मी. दोरीबिरी लागत नाही आपल्याला. नजर पाहिजे."

ते मूठ मूठ फक्की सोडत, पायांकडे पाहत, अकरा मीटर चालत गेले. मागे वळून त्यांनी आपल्या कामाकडे उभ्याने पाहिले आणि खुशीत हात झटकले.

"कशी आहे?"

हिना आडवी झाली, मातीला गाल टेकवला आणि एक डोळा मिटला. हे वर्गात मॅडमनीच शिकवले होते, आणि मॅडमना मोतीलाल आबांनी.

"साहेब, इथून बघा."

"मी इथून बघतोय ना."

"तिथून ती सरळच दिसते," हिना तशीच आडवी राहून म्हणाली. "इथून मध्ये पोट दिसतं."

एकवीस नव्हे, आज तेवीस मुले साहेबांकडे पाहत होती. बारशाहून परतलेली दोघे तर सगळ्यांत पुढे होती. साहेबांनी पँटच्या इस्त्रीकडे पाहिले, जीवराम सरांकडे पाहिले. जीवराम सरांनी आकाशाकडे. मग देवरे साहेब गुडघ्यांवर बसले, हात टेकले आणि मान वाकडी करून गाल जमिनीजवळ नेला.

आधी एक डोळा मिटला, मग दुसरा.

"वाकडी आहे," जमिनीच्या उंचीवरून आवाज आला. "चांगलीच वाकडी आहे. आता?"

आता आक्काबाईंची दोरी आली. "मन्ही दोरी शे ती," त्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "गाठ पाडू नका." समाधानने एक खुंटी ठोकली, प्रियलने दुसरी, आणि दोरी ताणली.

"दोनच खुंट्या? मध्ये एक ठोका, भक्कम होईल," साहेब कपडे झटकत म्हणाले.

"नको साहेब," प्रियल म्हणाली. "दोन बिंदूंतून एकच रेषा जाते. तिसरी खुंटी चुकली की पुन्हा तुमच्यासारखं पोट सुटेल."

जीवराम सरांना खोकला आला. शिल्पाने वहीत डोके घातले. साहेबांनी एकदा स्वतःच्या पोटाकडे पाहिले आणि विषय बदलला.

"बरं. मग ही अकरा मीटरची रेषा झाली."

"रेषाखंड झाला," चारपाच आवाज एकदम आले.

"का?"

"त्याला टोकं शेतस," समाधानने दोन्ही खुंट्यांकडे बोट दाखवले. "ही एक, ती एक. मोजता येस."

"आणि रेषा?"

प्रियलने दोरीच्या मागे उभे राहून हात पश्चिमेकडे लांब केला. "ती इथून निघून गेली, साहेब. धुळ्यावरून सुरतेला. आमच्या मामांच्या दुकानातसुद्धा थांबत नाही."

देवरे साहेब तिच्या हाताच्या दिशेने पाहत राहिले. मग, कुणी सांगितले नसताना, ते पुन्हा वाकले, एक डोळा मिटून दोरीच्या रोखाने पाहिले. मग वळून विरुद्ध बाजूला.

"आणि इकडे?"

"नागपूर."

"त्याच्या पुढे?"

"ते अजून शिकायचं आहे," हिना म्हणाली.

साहेबांनी खिशातून शिल्पाचा खुलासा काढला, एकच वाक्य होते तरी दोनदा वाचला. आज तिने सारे तयार ठेवले होते, कपाटातली चार पानेसुद्धा. पण मुलांकडे पाहून तिला वाटले, परिशिष्टाची गरज उरलेली नाही.

"तायडे मॅडम," ते म्हणाले, "त्या दिवशी मी मागितली, तेव्हा एकानंही पेन्सिल का उचलली नाही?"

"त्यांनाच विचारा, साहेब."

"कागद पुरला नसता," समाधान म्हणाला.

साहेब व्हरांड्यात बसून लिहू लागले. आक्काबाईंनी खिचडीचे ताट समोर ठेवले, ते थंड झाले तरी त्यांनी पेन सोडले नाही. उरलेले लिहिणे ते घरी घेऊन गेले, आणि फेरतपासणीचा अहवाल दोन दिवसांनी शाळेत आला. चौथीचे गणित शिल्पाकडेच राहिले होते. तो कागद जीवराम सरांनी आयुष्यात प्रथमच शेवटपर्यंत वाचला, आणि शेवटचा परिच्छेद वर्गात मोठ्याने वाचून दाखवला:

"मागील तपासणीत विद्यार्थ्यांना पाच सेंटिमीटर लांबीची रेषा काढण्यास मी सांगितले होते. अशी रेषा नसते. ती तेवीस विद्यार्थ्यांना काढता आली नाही, असे मी लिहिले. प्रत्यक्षात वर्गात एकवीसच होते, आणि मी ते मोजले नव्हते. सदर रेषा काढून दाखवण्याची विनंती मुख्याध्यापकांच्या सहीने मला प्राप्त झाली. मी घरी तीन वेळा प्रयत्न केला. मलाही आली नाही."