मेट्रनबाईंची देखरेख

डॉ. नथानियल आष्टमकर यांच्या रोह्यातील दवाखान्यात कोणाला कामावर ठेवायचे आणि कोणाला निरोप द्यायचा, हे दिसायला डॉक्टरच ठरवीत. प्रत्यक्षात तो निर्णय पेणहून होत असे. पेणला, रामवाडीत, डॉक्टरांच्या मातोश्री एस्थरबाई राहत. सरकारी रुग्णालयात मेट्रन म्हणून त्यांनी उभी हयात घालवली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली, तरी त्यांच्या साडीची इस्त्री मोडली नव्हती आणि आवाजाची धार बोथट झाली नव्हती.

दवाखान्याची देखरेख त्या घरबसल्या करीत. रुग्ण तपासताना मुलगा आईचा फोन घेत नसे, म्हणून त्या थेट वॉर्डातल्या सिस्टरला फोन लावीत. सकाळी एकदा, जेवणाच्या सुमारास एकदा, दुपारच्या चहानंतर एकदा आणि मध्येच काही आठवले तर आणखी एकदा. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत मात्र फोनला हात लावायचा नाही, हा शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतिवाराचा, नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. एवढा एक दिवस वगळला, तर दवाखान्यातली टाचणीदेखील आपल्या नजरेतून सुटत नाही, अशी त्यांची खात्री होती.

एका रविवारी संध्याकाळी डॉक्टरांनीच आईला फोन केला.

"आई, करिश्माला काढतोय. तुला आधी सांगतो, मग बोल लावू नकोस."

"काय केलं तिनं?"

"शुक्रवारी दुपारी धोंडुबाईंची सलाईन संपली, नळीत रक्त चढलं, आणि ही कोपऱ्यात फोनवर! धोंडुबाईंच्या जावयानं त्याचं शूटिंग करून गावभर पाठवलं. आज मला तो व्हिडिओ माझ्या न्हाव्यानं दाखवला, आई. अर्धी दाढी झालेली असताना!"

"पेशंट कशी आहे?"

"पेशंट ठणठणीत. लगेच सुई बदलली. अब्रू गेली ती माझी."

"अब्रूला सलाईन लावता येत नाही. मी येईपर्यंत कोणालाही काढायचं नाही."

"गुरुवारी दुसरी मुलगी भेटायला येणार आहे."

"येऊ दे की. तोवर ही सुधारली, तर ही राहील. नाही सुधारली, तर तिला निरोप मीच देईन. माणसाला कामावरून काढायचं, तर तेही नीट काढता आलं पाहिजे. तुला ते जमत नाही, तू रडवेला होतोस."

सोमवारी सकाळी रामवाडीहून एसटीने निघालेल्या एस्थरबाई रोह्याला उतरल्या, त्या थेट वॉर्डात. आठ खाटांचा स्वच्छ वॉर्ड. खिडकीपाशी करिश्मा एका रुग्णाचे तापमान पाहत होती. वय बाविशीचे, वेणी घट्ट, चेहऱ्यावर झोप पुरती न झाल्याची खूण. निडी स्टेशनापलीकडच्या कातकरीवाडीत तिचे घर. बाप मंगळ्या मिळेल ती मजुरी करणारा. वाडीतून नर्सिंगपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. तिचा पांढरा गणवेश दोरीवर वाळत पडला की वाडीतल्या बाया आपल्या पोरींना तो लांबून दाखवीत. ही नोकरी गेली, तर त्या दोरीवर पुन्हा काय वाळणार, हे करिश्माला कोणी सांगायची गरज नव्हती.

एस्थरबाईंनी भटारखान्यातून चिवड्याचा रिकामा डबा मागवला आणि करिश्मा व वॉर्डबॉय विशाल यांच्यापुढे धरला.

"फोन. शिफ्ट सुरू झाली की या डब्यात, शिफ्ट संपली की तुमच्या हातात."

विशालने आपला मोबाईल असा ठेवला, जणू तान्हे मूल परक्या घरी सोडतो आहे. करिश्माने मात्र चटकन टाकला.

"बरं झालं आजी. आवाज बंद करू का?"

"मेट्रनबाई म्हणायचं. आणि आवाज राहू दे. तुम्हांला कोण किती छळतं, ते मला ऐकायचं आहे."

"व्हय आजी."

एस्थरबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "चारचा ठोका पडला की तू निघतेस म्हणे?"

"चारला माझी शिफ्ट संपते."

"आमच्या वेळी पेशंट बरा झाल्याशिवाय शिफ्ट संपत नसे."

"मग तुम्ही घरी कवा जायच्या?"

विशालला अचानक बेडपॅन धुण्याची आठवण झाली आणि तो बाहेर पळाला.

"घरी जायला वेळ कोणाला होता? नथानियलला त्याच्या आजीनं वाढवलं," एस्थरबाई ताठ मानेने म्हणाल्या. पण का कोण जाणे, हे वाक्य नेहमीसारखे भारदस्त वाजले नाही.

"मला काम आवडतं, आजी," करिश्मा म्हणाली. "पण चारच्या पुढं मला माझ्या आयशीजवळ बसायचं असतं, नदीवर जायचं असतं. आठ तास मी दवाखान्याची. त्यात मी बसत नाय, बघा पाहिजे तर."

"बघणारच आहे," एस्थरबाई म्हणाल्या आणि डब्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या.

ही आजकालची पोरे, असा एक विचार त्यांच्या मनात तयार होत होता. तो पुरा होण्याआधीच डबा गुरगुरला. स्टीलच्या टेबलावर तो आपण होऊन वीतभर सरकला. एस्थरबाईंनी फोन उचलला.

"सिस्टर, मी पाच नंबरच्या पेशंटचा भाचा. मामानं नाश्ता केला का? फोटो टाका ना."

"नाश्ता पोटात गेला आहे. आता त्याचा फोटो काढायचा, तर एक्स-रे लागेल," एस्थरबाईंनी सांगितले आणि फोन ठेवला.

मग विशालचा फोन वाजला. कोणी अमोल विचारत होता, "आज रीलला कुठलं गाणं घ्यायचं रे?"

"आज विशाल बेडपॅन घेणार आहे. गाणं तुम्ही म्हणा."

त्यानंतर डबा थांबेचना. पाच नंबरच्या मामांना आणखी दोन भाचे होते. दोन नंबरच्या मुलीला पनवेलहून मावशीने शुभेच्छा पाठवल्या होत्या, त्या 'तिला दाखवा' म्हणून. औषध कंपनीचा माणूस, पाण्याच्या टाकीवाला. ज्याला ज्याला डॉक्टर सापडत नव्हते, तो तो सिस्टरला शोधत होता. जेवणाच्या वेळेपर्यंत एस्थरबाईंचा कान तापून लाल झाला होता.

इतक्यात डॉक्टर स्वतः धावत आले. "ग्रुपवर कोणी उत्तर का देत नाही? चार नंबरचं बीपी विचारून अर्धा तास झाला!"

"चार नंबर तुझ्या केबिनच्या भिंतीपलीकडे आहे, नथानियल. पाय शाबूत आहेत ना?"

"आई, आता सगळं ग्रुपवर असतं."

"पेशंट अजून खाटेवर असतो. जा, नाडी बघ त्याची. मलाही बघू दे, तुला अजून येते का."

चार नंबरच्या रुग्णाला हे इतके आवडले, की त्याचे बीपी अगदी योग्य निघाले.

दुसऱ्या दिवशीही तेच. फोन डब्यात असल्याने विशालचे हात मोकळे झाले होते. ते कुठे ठेवावेत हे न कळून त्याने वॉर्डातले सगळे पंखे पुसून काढले. तरी जाता येता तो डब्याकडे असा पाही, की एस्थरबाईंनी शेवटी डब्यावर टॉवेल टाकला. करिश्माचे काम मात्र त्या बारकाईने पाहत राहिल्या. हात हलका होता, नजर पक्की होती. बोलणे तुटक होते. 'कृपया' हा शब्द तिला कोणी शिकवलेला दिसत नव्हता. डॉक्टरांनी "आज डबल शिफ्ट कर" म्हटले, तेव्हा ती सरळ म्हणाली, "नाय सर. दुसऱ्या शिफ्टला माझे डोळे मिटतात. मग थेंब कोण मोजील?" एस्थरबाईंना हे उत्तर उद्धट वाटले. रात्री मुलाच्या घरी जेवताना ते बरोबरही वाटले, आणि त्यांची भूकच गेली. एखादी गोष्ट एकाच वेळी उद्धट आणि बरोबर असू शकते, हे त्यांना मुळीच पसंत नव्हते.

पण शुक्रवारचे काय? मुलगी चांगली होती, आणि तरीही सलाईन कोरडी पडली होती. तेव्हा फोनवर असे कोण होते, की जे तिला रुग्णापेक्षा मोठे वाटावे? नक्कीच कोणी तरी मित्र. त्याचा छडा लावल्याशिवाय मुलाला उत्तर देता येणार नव्हते.

बुधवारी दुपारी त्या धोंडुबाईंच्या खाटेशी जाऊन बसल्या. धोंडुबाई खाडीकाठच्या, साखर वाढून पायाला जखम झालेली, म्हणून अजून मुक्काम हलला नव्हता. तोंडाला मात्र काहीच झालेले नव्हते.

"धोंडुबाई, शुक्रवारी तुम्हांला फार त्रास झाला."

"त्रास कसला गो! नळीत रगत चढाय लागलं, मी जावयाला म्हटलं, पोरीला हाक मार. तर हा बाबा मोबाईल उभा धरू का आडवा धरू, याच्यातच! आधी शूटिंग केलं, मग बोंबलला. आता येऊ दे त्याला, त्याचंच शूटिंग करते."

"आणि करिश्मा? ती कोणाशी बोलत होती? मित्र होता का कोणी?"

धोंडुबाई खदखदून हसल्या, खाट हलली. "मित्र कसला! हाय एक तिची आजी, पेणला. अगो, काय पिळते ती म्हातारी! रोजचं हाय तिचं. आम्ही सगळ्या खाटा ऐकतो. 'व्हय आजी, जेवले आजी. पडवळाची भाजी होती आजी. नाय आजी, मीठ बरोबर होतं.'"

एस्थरबाईंना आठवले. शुक्रवारी नथानियलच्या डब्यात पडवळाची भाजी होती.

"पोरगी दोनदा म्हणाली, 'आजी ठेवते, सलाईन संपत आली हाय.' म्हातारी सोडील तर शपथ! मग पोरगी गप उभी राह्यली, कान फोनला न् डोळे माझ्या बाटलीकडं. लय भोचक असते बघा एकेक बाई." धोंडुबाईंनी सहानुभूतीने विचारले, "तुम्हांला पाणी देऊ का हो? चेहरा उतरला."

"नको," एस्थरबाई म्हणाल्या. त्या दिवशी फोनवर आपण काय म्हटले होते, तेही त्यांना आता शब्दशः आठवले. 'वडीलधारं माणूस बोलत असताना मधे बोलू नये, करिश्मा.'

त्यांनी करिश्माला पट्ट्या-औषधांच्या खोलीत बोलावले आणि दार लावले.

"डॉक्टरांना का सांगितलं नाहीस, फोन कोणाचा होता ते?"

करिश्मा कापसाचे बोळे करीत होती. हात थांबला नाही. "काय सांगू? साहेब, तुमची आई फोन सोडत नव्हती? आणि उचलला मीच ना. ठेवायला पाहिजे होता. माझं धाडस नाय झालं, ती चूक माझी."

"नोकरी गेली असती, तरी बोलली नसतीस?"

"रडले असते घरी जाऊन." मग ती थोडी हसली. "आजी, राग नका मानू. आम्हां सगळ्यांना शनिवारची शिफ्ट पाहिजे असते. शनिवारी कामं लय नीट होतात. विशालदादा न् मी भांडतो त्याच्यावरनं."

शनिवार! एस्थरबाईंनी देवाच्या नावाने पाळलेल्या दिवसाचे पुण्य सगळ्या वॉर्डाला लागत होते, आणि त्यांनाच त्याचा पत्ता नव्हता. त्यांना संताप यायला हवा होता. त्याऐवजी हसू आले. ते त्यांनी पदराआड नेले, पण खांदे हललेच.

गुरुवारी डॉक्टर केबिनमध्ये नव्या मुलीची वाट पाहत होते. एस्थरबाई आत आल्या आणि बसल्या नाहीत. महत्त्वाचा अहवाल त्या नेहमी उभ्यानेच देत.

"सलाईन कोणामुळे कोरडी पडली, ते मी शोधून काढलं आहे. त्या व्यक्तीला आजपासून वॉर्डात फोन करायला बंदी."

"म्हणजे होताच कोणी तरी! कोण तो?"

"तुझी आई."

डॉक्टरांच्या हातातले पेन खाली पडले. ते हसू लागले.

"हसू नकोस. यादीत दुसरं नाव तुझं आहे. मी तीन दिवस त्या डब्याशेजारी बसले. निम्मे निरोप तुझे, बरेचसे नातेवाइकांचे. विशालचं रील आहेच, त्याला मी बघून घेईन. आठवड्यातला एक दिवस मी फोनला शिवत नाही, नथानियल, आणि त्या एका दिवशी तुझे पेशंट सगळ्यांत सुखात असतात. आता ऐक. बाहेरच्या टेबलावर तारेचा एकच फोन राहील. नातेवाइकांनी दुपारी ठरल्या वेळी विचारावं. बीपी हवं असेल, तर तू उठून यायचंस. करिश्मा कुठेही जात नाही."

"आणि येणारी मुलगी?"

"तिलाही ठेव. डबल शिफ्टा करून घेतोस, त्या कोण करणार? मी केल्या, म्हणून सगळ्यांनी कराव्यात असं नाही." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या आजीनं तुला चांगलं वाढवलं. पण मला चार वाजता घरी यायला आवडलं असतं."

डॉक्टर उठून आईजवळ आले. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. या वेळी त्या बसल्या.

एस्थरबाई पेणला परतल्या. पुढच्या आठवड्यात मंगळवारपर्यंत त्यांनी दम धरला. मग त्यांच्या मनात आले, की नियम घालून दिला म्हणजे तो पाळला जातो की नाही, याची तपासणीही करायला हवी. ऐन जेवणाच्या वेळी त्यांनी दवाखान्याचा तारेचा फोन लावला.

"करिश्मा, मी बोलते आहे. नथानियल—"

"आजी, सलाईन लावतेय. चारला सुटले की स्टेशनावरनं मीच करते. ठेवते."

आणि फोन ठेवला गेला. वाक्य अर्ध्यावर तोडून. मेट्रन एस्थर आष्टमकर यांचा फोन असा आजवर कोणी ठेवला नव्हता, सिव्हिल सर्जननेसुद्धा नाही.

शेजारच्या नम्रतावहिनी पापड वाळत घालायला गच्चीवर आल्या होत्या. एस्थरबाई कठड्याशी गेल्या आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"वहिनी, ऐकलंत का? आमच्या करिश्मानं आज माझा फोन आपटला! मी म्हणत होते ना, मुलगी नावाजण्यासारखी आहे!"